तळ्यावरच्या शहराचा अर्धा इतिहास

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत अशी माणसं होती की ज्यांनी आयुष्यात पैठणच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, ज्यांची वेरूळची लेणी बघायची राहून गेली ती गेलीच, पण त्यांना अमेरिकेतल्या एका शहराचा इतिहास मात्र घडाघडा पाठ होता. ते शहर एका तळ्याकाठी होतं. तळं केवढं, तर आमचे आबा सांगायचे, आख्खा मराठवाडा त्यात बुडवला तर वर फक्त देवगिरीचा बुरूज राहील आणि त्यावर बसून मासे धरता येतील. शहराचं नाव आबांच्या जिभेला वळायचं नाही, दर वेळी निराळंच निघायचं, म्हणून गल्लीनं एकमतानं त्याला 'तळ्यावरचं शहर' म्हणायचं ठरवून टाकलं. नळावर पाणी भरताना बाया एकमेकींना विचारायच्या, तळ्यावरच्या शहरात काल कुठपर्यंत आलं होतं? जसं काही ते शेंद्र्याच्या पलीकडंच होतं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं तिथली खबर येत होती.

आबा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ते हॅमरवर होते. हॅमर म्हणजे दुमजली घराएवढा घण. खाली ऐरण, वर हवेच्या जोरानं उचलला जाणारा लोखंडाचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याला धरून ठेवणारा मांडीएवढा जाड रॉड. भट्टीतून लालबुंद लोखंड काढायचं, ऐरणीवर ठेवायचं, पायाखालची पट्टी दाबायची की वरून धम्म. त्या एका धम्ममध्ये लोखंडाचा तुकडा ट्रॅक्टरचा भाग होऊन बाहेर पडायचा आणि आजूबाजूच्या चार शिवारांतल्या कोंबड्या अंडं घालायचं विसरायच्या. तर आमच्या शेठनं तळ्यावरच्या शहरातल्या एका कारखान्याचा जुना, अवाढव्य हॅमर विकत घेतला. तो सोडवून, पेट्यांत भरून आणायला आपल्याकडचे फिटर पाठवले, एक इंग्रजी बोलणारा तरुण इंजिनियर बरोबर दिला, आणि त्या टोळीत आबा आणि त्यांचे जोडीदार करीमचाचा गेले. मुंबईपर्यंत पोचवायला जायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून गल्लीनं मुकुंदवाडी स्टेशनावरच हार घातले. ती गाडी आमच्या स्टेशनावर थांबायची नाही. पण एवढे हार बघून ड्रायव्हरला वाटलं की मंत्री चढतोय, आणि त्यानं ब्रेक दाबला. असं आबा सांगायचे. मी तिथं होतो. मला तसं काही आठवत नाही. पण मीही तसंच सांगतो.

थंडीत गेलेले आबा उन्हाळा लागता लागता परतले, ते अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट घालून. एप्रिलच्या उन्हात तो कोट घालून ते बाजारात जायचे. घामानं निथळत, भेंडी निवडत उभे राहायचे, कुणी विचारेपर्यंत. आणि आवाज. जाताना आमच्यासारखाच बोलणारा माणूस येताना एवढ्या मोठ्यानं बोलू लागला की शेजारच्या गल्लीतली माणसं 'ओ' द्यायची. आम्हाला वाटलं, अमेरिका घशात उतरली असेल. मोठ्या देशात राहून माणूस मोठ्यानं बोलणारच. मायला मी तसं म्हणालोही. ती नुसती चुलीतली राख पुढं ओढत राहिली.

घर आमचं दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पाठ रुळांना लावून बसलेलं. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी आपसांत बोलायला लागायची, आणि भांडी कशी वाजली त्यावरून माय सांगायची, डबे भरलेत का रिकामे. सकाळी ज्वारीच्या भाकरीची थापटी, पाट्यावर ठेच्याची खरबड, पत्र्यावर चिमण्यांचे पाय, सातला कंपनीचा भोंगा. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी उकळायला लागली की तिचा एक जाडसर बुडबुड आवाज यायचा, पातळ आमटीचा तसा येत नाही. ईदला करीमचाचांकडून नान-खलियाचा, म्हणजे रोटी आणि मटणाच्या रश्श्याचा, डबा यायचा, त्याचं झाकण उघडताना चिकटलेल्या तर्रीचा 'चप्' असा आवाज व्हायचा आणि तेवढ्यानंच तोंडाला पाणी सुटायचं. हे सगळे आवाज मी आता आठवणीतून काढून लिहितोय. आमच्या आजच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सूनबाई मोजते. मला नुसती वाफ दिसते.

संध्याकाळी आबा दारापुढच्या दगडावर बसायचे आणि इतिहास सुरू व्हायचा. "पयलं तिथं काय नव्हतं. नुस्ता चिखल. डास असे की दोघं मिळून एक वासरू उचलून न्यायचे." मग कुणी एक साहेब जमीन मोजायची साखळी घेऊन आला, नदी तळ्याला मिळते तिथं उभा राहिला, कागदावर एक चौक काढला, शहराला स्वतःचं नाव दिलं आणि जो गेला तो परत तोंड दाखवायला आला नाही. बारशाला येऊन, नाव ठेवून, जेवून पसार होणाऱ्या आत्यासारखा. मग परमुलखातल्या उपाशी लोकांनी कालवा खणला. खणता खणता हिवतापानं एवढे मेले, की कालव्याला पाणी कमी आणि भुतं जास्त. मग तळ्याच्या वरच्या टोकाकडून होड्यांनी लोखंडाची माती यायला लागली आणि खालून रेल्वेनं कोळसा, आणि दोघांची गाठ नेमकी त्या नदीच्या तोंडाशी पडली. झालं. भट्ट्या पेटल्या. आबा म्हणायचे, एकेक बोट एवढी लांब, की तिचं नाक धक्क्याला लागायचं तेव्हा शेपटीकडचे खलाशी अजून तळ्याच्या पलीकडच्या काठावर बायकोचा निरोप घेत असायचे.

मग माणसं आली. दर गल्लीला निराळी बोली, निराळा देव, निराळी भाकरी. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही, पण भोंगा सगळ्यांना कळायचा. दक्षिणेकडून काळी माणसं आली रेल्वे भरभरून, तर त्यांना भट्टीच्या अगदी तोंडाशी उभं केलं. "का?" म्हणून करीमचाचांच्या थोरल्यानं विचारलं, तर आबा म्हणाले, "इथं भट्टीच्या तोंडाशी कोण असतंय? तुझा बाप का मालकाचा जावई?" धूर एवढा, की बायका धुतलेली पांढरी चादर वाळत घालायच्या आणि काळी काढायच्या. आणि नदीत एवढं तेल आणि घाण साचली, की एके दिवशी नदीलाच आग लागली. इथं मात्र गल्ली हसायची. वासरू उचलणारे डास गल्लीनं गिळले, मैलभर लांब बोटी गिळल्या, पण पाण्याला आग? आबा, आता पुरे. पुढं कैक वर्षांनी मी वाचलं, की आबांच्या आख्ख्या इतिहासात तेवढंच एक अक्षरशः खरं होतं. त्यांनी बिनमिठाचं सत्य सांगितलं आणि तेच नेमकं कुणी खाल्लं नाही. तेव्हापासून मी सत्य सांगताना त्याला थोडी फोडणी देतो.

भरभराटीच्या अशा टोकाला शहर पोचलं, की मी विचारायचो, "मग?"

"मग काय? मग आम्ही गेलो."

इतिहास इथं संपायचा. रोज. धूर, बोटी, भट्ट्या, भोंगे, आणि मग थेट मुकुंदवाडीचे फिटर. मधे काही नाही. एवढा सोन्यासारखा हॅमर त्यांनी विकला तरी कसा, असं शेजारच्या रामभाऊंनी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "त्यांना आता लागत नाय. पोरं सायेब झाली त्यांची." सगळ्यांना पटलं. अमेरिका जुनं टाकून देते हे सगळ्यांनाच माहीत होतं. माय मात्र तिसराच प्रश्न विचारायची. तिनं आबांबरोबर बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता, वाटेत खायला नव्हे, कामाचा नारळ फोडाल त्या दिवशी प्रसाद म्हणून. "माझे लाडू कुणी खाल्ले?" आबा छाती काढायचे. "काय सांगू तुला. एक गोरा म्हातारा, ताडमाड उंच. लाडू तोंडात टाकला आन् डोळ्यातून पाणी. ढसाढसा. असं काय कधी खाल्लंच नव्हतं त्यानं." मायचा चेहरा अशा वेळी भट्टीसमोर उभ्या माणसासारखा उजळायचा. गल्लीत तिच्या लाडवांचा भाव एवढा वाढला, की लग्नघरी तिला बोलावणी यायची.

आणि इतिहासाच्या शेपटीला भविष्य जोडलेलं असायचं. आबा काठीनं धुळीत नकाशा काढायचे. हा हर्सूलचा तलाव, म्हणजे आपलं तळं. ही खाम नदी. हे चिकलठाणा. तिथं सुरुवात अशीच झाली, चिखलातून. आता बघा, भट्ट्या शेंद्र्यापर्यंत जातात का नाय. लोक खो खो हसायचे, कारण शेंद्र्याला तेव्हा बाजरी आणि कुत्री सोडून काही नव्हतं. ती थाप पुढं सरकारनं खरी केली. आज शेंद्र्याला जाऊन बघा, नुसते कारखाने. आमच्या शहराचं नाव बदललं, रस्ते सहापदरी झाले. ज्या वाचकांना शेवटी आमची कंपनी बंद पडण्याची वाट बघायची असेल, त्यांना मी इथंच मोकळं करतो: पडली. हॅमर भंगारात गेला, जागेवर आता गाड्यांची शोरूम आहे, आणि काचेच्या आत गार हवेत उभी असलेली पोरं मला 'काका, काय पाहिजे' विचारतात. त्याचं मला फारसं काही नाही. मला जे सांगायचंय ते हॅमर उभा राहिला त्या दिवसाचं आहे.

मी तेव्हा बारावी झालो होतो आणि माझ्यापुढं दोन दारं होती. एक दार कन्नडला. माझे मामा तिथल्या अध्यापक विद्यालयात कारकून होते. मास्तरकीच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं, आणि मामांचा निरोप आला होता, की सोमवारी दुपारपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर हो, नाहीतर जागा पुढच्या पोराला जाईल, मग माझ्या नावानं बोंब मारू नको. दुसरं दार कंपनीचं. नव्या हॅमरसाठी जुन्या कामगारांच्या पोरांतून शिकाऊ घेणार होते, आणि आबांनी साहेबांशी बोलून मला आत-बाहेर करायची मुभा मिळवली होती. मायला कन्नड हवं होतं. तिनं तसं एकदाच सांगितलं, "खडूची पांढरी धूळ बरी. काळी छातीत बसती." पण तुम्हीच सांगा, ज्या पोरानं रोज संध्याकाळी तळ्यावरच्या शहराचा इतिहास ऐकलाय, तो कन्नडच्या चाळीस पोरांना पाढे शिकवायला जाईल? मला वाटलं, इतिहास स्वतः चालत बोटीत बसून माझ्या दारी आलाय आणि मी त्याला म्हणू, थांब, मला शुद्धलेखन तपासायचंय? मी मामांना कळवायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

हॅमरची पूजा रविवारी ठेवली होती. घरच्यांना बोलावणं होतं. शेडमध्ये तो उभा होता, हिरवा रंग दिलेला, झेंडूच्या माळा घातलेला, कपाळावर हळदकुंकू. अमेरिकेतून आलेला जावई मांडवात बसवावा तसा. शेठच्या सौभाग्यवतींनी नारळ वाढवला, आबांनी पट्टीवर पाय ठेवला आणि पहिला ठोका पडला. पायाखालची जमीन लिबलिबीत झाली. बायांनी पदर तोंडाला लावले. मग टाळ्या, मग पेढे. आबा कोट घालून आले होते. त्या शेडमध्ये, भट्टीपासून हाताच्या अंतरावर, कोट. जो तो त्यांच्या पाया पडत होता आणि ते सगळ्यांना मोठमोठ्यानं आशीर्वाद देत होते.

करीमचाचांनी पेढा घेतला आणि खिशात टाकला. मी चेष्टेनं म्हणालो, काय चाचा, साखर वाढली का? ते हसले नाहीत. माझ्या दंडाला धरून मला सायकल स्टँडच्या पत्र्याखाली घेऊन गेले.

"कल कन्नड जारा ना तू?"

मी म्हणालो, नाही, मी इथंच राहणार, हॅमरवर.

"तेरे बाप ने लड्डू का किस्सा बताया तेरेकू?"

"शंभरदा."

"आधा बताया," चाचा म्हणाले.

उरलेला अर्धा त्यांनी मला तिथं उभ्या उभ्या सांगितला. आत हॅमरचे ठोके चालू होते आणि दर ठोक्याला चाचा थांबत होते. तळ्यावरच्या शहरात हे लोक पोचले तेव्हा तो कारखाना बंद पडून बरेच दिवस झाले होते. नुसता तोच नाही, नदीकाठची सगळी रांगच्या रांग. घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दुकानं बंद, देवळं बंद. पण त्या कारखान्याचे कामगार रोज सकाळी पाळीच्या वेळेला फाटकाशी यायचे. बर्फात. हातात जेवणाचे डबे. आत कुणी घेत नव्हतं, बाहेरच उभे राहायचे, मधल्या सुट्टीच्या वेळेला उभ्यानं डबा खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी जायचे. सवय. आपल्या माणसांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे ऐरणीला कुंकू लावलं, नारळ फोडला. आणि दारात उभ्या माणसाला दिल्याशिवाय आपण प्रसाद कसा खायचा? म्हणून आबा डबा घेऊन फाटकावर गेले आणि एकेकापुढं लाडू धरायला लागले. कुणीतरी विचारलं, हे कशाबद्दल? आपल्या इंजिनियरानं हसून, चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की आज आमचं काम सुरू होतंय, आनंदाचा दिवस आहे, तोंड गोड करा.

माणसं एकेक करून मागं सरकली. एक म्हातारा तेवढा सरकला नाही. तो त्या हॅमरवर आयुष्यभर होता. त्याच्या आधी त्याचा बाप होता.

"उसने लड्डू लिया," चाचा म्हणाले. "सब के सामने खाया. पूरा. रोता गया, खाता गया. फेंक देता तो अच्छा होता, बेटा."

  चाचांचं अजून संपलं नव्हतं. सोडवायच्या आधी हॅमर एकदा चालवून दाखवायचा होता, तेव्हा त्याच म्हाताऱ्याला आत बोलावलं होतं. त्यानं काम झाल्यावर आबांचं डोकं धरून हॅमरच्या अंगाला टेकवलं आणि पान्यानं वाजवून दाखवलं, की रॉड तुटायला आला की तो आधी सांगतो: ठोका पडल्यावर मागून एक बारीक टिचकी येते. ती आली की पाय उचल, नाहीतर वरचा ठोकळा माणसं बघत नाही. म्हाताऱ्यानं तीनतीनदा वाजवून दाखवलं. आबांनी तीनतीनदा मान डोलावली. आणि त्या संध्याकाळी खोलीवर आबांनी चाचांना विचारलं, तो म्हातारा पाना घेऊन काय करत होता? मग चाचांनीच त्यांना टिचकीचं सगळं ओरडून सांगितलं.

"बाप तेरा बहरा है रे. हॅमर ने खाये कान. साब लोगों कू मालूम पड़ा तो कल निकाल देंगे." चाचांनी माझ्या छातीवर बोट ठेवलं. "तेरेकू कायकू रखरा यहाँ, समझा? तेरे कान होना उसकू, अपने कानों की जगह."

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. येसराची आमटी, भाकरी, पूजेचा दिवस म्हणून गोड शेवया. आबा शेठनं काय म्हटलं, साहेबानं खांद्यावर हात कसा ठेवला, ते पत्रा उडेल अशा आवाजात सांगत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. मुद्दाम नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आबा, तो म्हातारा का रडला?" ते भाकरी मोडत राहिले. मी म्हणालो, "आबा, घराला आग लागलीय." त्यांनी आमटी भुरकली.

मायचा हात परातीवर थांबला. "डाव्या अंगानं बोलू नको," ती म्हणाली. "तिकडचं दार कवाच लागलंय. उजवीकडं थोडी फट हाय." म्हणजे तिला ठाऊक होतं. अमेरिकेच्या आधीपासून. त्या घरात एवढा बोलघेवडा माणूस आणि सगळ्यात मोठी गोष्ट न बोलता सांभाळलेली. पण लाडवांचं तिला ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं, जसं चाचांनी सांगितलं तसंच, फोडणी न घालता. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून एकेक लग्नघर उठून जाताना मी बघितलं. मग ती उठून आबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"ते म्हातारं माझ्या लाडवानं रडलं का?"

आबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. ते बराच वेळ ताटातल्या शेवया बोटानं गोळा करत राहिले. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "लाडू चांगलेच झाले व्हते."

मीही उजवीकडं सरकलो. विचारलं, उरलेला इतिहास मला का सांगितला नाही?

"सांगितला असता तर थांबला असतास?"

"नाय."

"मग?" त्यांनी हात धुतला. "हे बघ. त्यांचं गेलं म्हणून आपल्याकडं आलं. आपल्याकडनंबी जाणार. पर ते जाईस्तवर तू म्हातारा झालेला असशील. तेवढं पुरं की माणसाला."

बापानं पोराच्या आयुष्याचा असा हिशेब करावा, आणि तो बरोबर निघावा, याच्याएवढी कडू गोष्ट मी अजून चाखलेली नाही. कारलं त्यापुढं गुळाचा खडा. मी तेव्हाच सांगून टाकलं, की मी सकाळी कन्नडला जातोय. आबा हात पुसत राहिले. ऐकू आलं की नाही कोण जाणे. मायनं तेवढ्यात पीठ भिजवायला घेतलं होतं.

सकाळी उठलो तर आबा पहिल्या पाळीला निघून गेले होते. मायनं पिशवीत धपाटे बांधले, दाखले कापडात गुंडाळून वर ठेवले आणि म्हणाली, मामाला पाया पड, आणि मागं बघू नको. आता मुकुंदवाडीहून कन्नडला जायचं तर आधी पश्चिमेला, मोठ्या बसस्टँडवर जायला लागतं. चिकलठाणा पूर्वेला. वाट चुकायची सोय नाही. मी पूर्वेला गेलो. माझ्या मनात होतं, की त्या माणसाच्या उजव्या कानात, त्याच्या सगळ्या भक्तांसमोर, एकदाच काय ते ओरडून सांगायचं आणि मग गाडी धरायची. वाक्यसुद्धा तयार होतं. वाटभर मी ते घोकत गेलो. ते छापण्याजोगं नाही.

वॉचमन ओळखीचा, त्यानं सोडलं. शेडमध्ये आबा हॅमरवर होते. कोट नव्हता, बनियन घामानं चिकटलेला, माळा अजून लटकत होत्या आणि उष्णतेनं कोळपल्या होत्या. करीमचाचा पलीकडं भट्टीच्या तोंडाशी, बर्नरच्या घोंघाटात. मी आबांच्या मागं जाऊन उभा राहिलो, वाक्य जिभेवर. ठोका पडला, धम्म. आणि मागून, कुणी नखानं ताटली वाजवावी तशी, टिच्. मला वाटलं भास. पुन्हा धम्म. टिच्. आबांचा पाय पुन्हा पट्टीकडं चालला होता. त्यांच्या पुढ्यात चिमट्यानं लोखंड धरून एक जण वाकलेला.

मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि घोकलेलं वाक्य सोडून ओरडलो, "रॉड!"

त्यांनी पाय उचलला.

फिटर वर चढले, पुसून बघितलं. रॉडच्या गळ्याशी केसाएवढी भेग जवळजवळ गोल फिरून आली होती. चिमटेवाला ते बघून जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. तेवढ्यात विभागाचे साहेब धावत आले. कुणी थांबवला? कसं कळलं?  मी आबांकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, देवगिरीवर बसून मासे धरणारा, माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता, की जसं फाटकाबाहेर बर्फात उभं राहून कुणी आत बघावं.

मग ते साहेबांकडं वळले. "मला ऐकू आलं सायेब," ते म्हणाले. "ठोक्यामागं टिचकी."

साहेबांचा चेहरा माझ्याकडं फिरला. "मग ओरडलास तू. का?"

आता खरं बोललो असतो, तर मी दुपारच्या आत कन्नडला होतो आणि आबा संध्याकाळच्या आत घरी. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडातून निघालं ते असं: "आबांनीच खुणावलं सायेब, मला तर काय कळलंबी नाय. त्यांचा कान म्हणजे... आमच्या घरचा माठ फुटायच्या आदल्या दिवशी सांगतात ते. तळ्यावरच्या शहरात त्या म्हाताऱ्यानं त्यांना डोकं टेकवून शिकवलंय, म्हणाला, असा कान मी माझ्या बापात बघितला व्हता आन् आता तुझ्यात. मी त्यांच्याजवळ शिकायलाच आलोय. मास्तरकीवर पाणी सोडून आलो. ही बघा पिशवी."

हे मी आख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. साहेब खूश झाले. बापाच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, मग राहा उभा त्यांच्याजवळ, बघत काय बसलास. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते मी विचारणार, तेवढ्यात चाचा भट्टीवरून ओरडले, "दाहिने कू!"

नवा रॉड बसेपर्यंत काम बंद होतं. मधल्या सुट्टीत आबा आणि मी शेडच्या भिंतीला टेकून बसलो आणि कन्नडच्या वाटेसाठी बांधलेले धपाटे सोडले. कन्नडची गाडी तेव्हा हतनूरच्या पुढं गेली असेल. आबांनी एक धपाटं मोडलं, अर्धं मला दिलं, आणि समोर बघत म्हणाले, "लई मोठ्यानं खोटं बोललास रे."

"तुम्हाला ऐकू जायला पायजे म्हणून," मी म्हणालो.